चौथ्या पॅनेलवरची ज्यू बाई

चार वाजता प्रदर्शनाची पॅनेल्स छपाईला जाणार होती आणि प्रूफवर, म्हणजे छापण्याआधीच्या शेवटच्या प्रतीवर, सल्लागार बाईंची सही व्हायची होती. तेवढ्यात रिसेप्शनवर बुटांवरचा बर्फ झटकत एक आजी आल्या. हातात हिरव्या बांगड्या. "मी आवासकर," म्हणाल्या. मला वाटलं, ओटावाच्या मराठी मंडळाचं काम असणार.

"काकू, हळदीकुंकवाचं असेल तर शनिवारी बोलू या?"

"शनिवारी मला जमत नाही गं. शब्बाथ असतो, आमचा विश्रांतीचा दिवस. मी तुमची पॅनेल्स बघायला आलेय."

सल्लागार त्याच! मी जन्माने अलिबागची. मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू आमच्या शेजारात होते, तरी मला सुचू नये? शरमेने मेले.

मी प्रदर्शनं डिझाइन करते. या वेळचा विषय होता, नाटकांनी, चित्रांनी आणि विनोदांनी ज्यू बायका कशा रंगवल्या. पहिली तीन पॅनेल्स ठरावीक साच्यांची: मुलाला बळेबळे सूप पाजणारी आई, नखं रंगवत बसलेली लाडावलेली लेक, दागिन्यांनी मढलेली गूढ सुंदरी. काकू खळखळून हसल्या. चौथ्यावर शीर्षक होतं, ‘खरी ज्यू स्त्री’. गोरी, डोक्याला रुमाल, समोर मेणबत्त्या. इथे काकूंनी शीर्षकावर बोट ठेवलं.

"माझी आई नऊवारी नेसायची. अलिबागला सुईण होती. ती काय खोटी?"

साचे मोडायला निघाले होते आणि स्वतःच एक नवा करून ठेवला होता.

माझा बॉस ग्रेग घड्याळ बघत आला. "नो टाइम टू रीड्रॉ. जस्ट गेट द सिग्नेचर."

"शी वोन्ट साइन, ग्रेग. अँड शी इज राइट."

मार्ग काकूंनीच काढला. "चित्र काढताच कशाला? फोटो लावा." आणि ओळखीच्यांना फोन लावत बसल्या. दीड तासात नऊ फोटो आले. बसड्रायव्हर, डेंटिस्ट, हॉकीची रेफरी, मोरोक्कोहून माँट्रियलला आलेली एक आजी आणि नऊवारीतली सुईण. शीर्षक झालं, ‘ह्या ज्यू बायका’. चारला पाच कमी असताना काकूंनी सही ठोकली.

उद्घाटनाला त्या आईच्या फोटोशेजारी बाकावर बसून होत्या. लोक फोटो बघत, खालची ओळ वाचत, पुन्हा फोटो बघत.

"चाळीस वर्षं ‘यू डोन्ट लुक ज्यूइश’ला उत्तरं देतेय," काकू म्हणाल्या. "आज आई देतेय. मी आपली बसते."

मला फार बरं वाटलं. तेव्हापासून कुठल्याही माणसाच्या चित्रावर मी ‘खरी’ किंवा ‘खरा’ असं लिहीत नाही.