केसपेपरवरचं नाव

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय वनस्पतीशास्त्र. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. नजर लागणं, करणी, उतारा... हे सगळं ऐकतच मोठी झाले, पण माझा कधी विश्वास बसला नाही. बुरशीचं जीवनचक्र मी आकृतीसह लिहून गुण मिळवलेत. आणि माझ्याच डोक्यातल्या बुरशीने मला अशा ठिकाणी आणून सोडलंय, की कोणाशी बोलावं तेच कळत नाही. नावं बदलली आहेत. का, ते पुढे कळेलच.

माझं गाव सारंगखेड्याजवळ, तापीच्या काठाला. दिवाळी झाली की आई-वडील, ताई, दाजी आणि ताईची सासू टोळीबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जातात. घराला कुलूप. मी नंदुरबारला मुलींच्या वसतिगृहात. म्हणजे उन्हाळ्यापर्यंत माझं घर म्हणजे तिथली एक कॉट.

ते लोक गेले आणि पंधरा दिवसांत माझ्या डाव्या कानामागे खाज सुरू झाली. आधी वाटलं कोंडा असेल. मग रुपयाएवढा गोल चट्टा दिसला — पांढरे पापुद्रे, केस मुळाशी तुटलेले. मेडिकलमधून ट्यूब आणून लावली. चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी चट्टा दुप्पट. प्रॅक्टिकलला मायक्रोस्कोपवर वाकले की हात आपोआप डोक्यात जायचा. नखं कापली तर कंपासपेटीतली पट्टी घेऊन खाजवायचे. लाज वाटायची, पण थांबता यायचं नाही.

शेवटी सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टर मॅडमनी चट्टा खरवडून नमुना तपासायला पाठवला. बुरशीच निघाली. ट्यूबबद्दल त्या रागावल्या, गोळ्या आणि शाम्पू लिहून दिला. "आठ आठवडे. एकही दिवस चुकवायचा नाही."

नाही चुकवला. उशीची खोळ उकळली, कंगवा वेगळा ठेवला, टॉवेल रोज उन्हात. सहा आठवडे झाले तरी चट्टा तिथेच. उलट उजव्या बाजूला दुसरा.

"गोळ्या घेतेस की खिडकीतून टाकतेस?" मॅडमनी विचारलं. मी पर्समधून रिकामी पाकिटं काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती एकेक करून मोजली.

खोलीतल्या मुली वाईट नव्हत्या. "आरशात बघ गं, पण आरशाला डोकं टेकवू नको बाई!" असं हसत म्हणायच्या. मीही हसायचे. मग एक दिवस कॉलेजातून आले तर दोघींच्या कॉट भिंतीकडे सरकवलेल्या. आणि रेक्टर मॅडमचं बोलावणं.

"मला बाकीच्या मुलींचाही विचार करावा लागतो," त्या म्हणाल्या. तेवढ्या बोलण्यातही त्यांनी मला खुर्चीवर बसायला सांगितलं नाही. "महिनाअखेरपर्यंत डॉक्टरांकडून बरी असल्याचं लिहून आण. नाहीतर बरी होईपर्यंत घरी राहा."

घरी कुठे? कुलपाजवळ? आणि परीक्षा दोन महिन्यांवर. हे वर्ष गेलं तर पुढच्या दिवाळीला आई मलाही टोळीबरोबर नेणार, हे मला न सांगताच माहीत होतं.

संध्याकाळी ताईला फोन लावला आणि रडायलाच लागले. सगळं ऐकून ती म्हणाली, "हाट येडी! त्यामा रडानं काय? माले बी तसंच व्हयनं व्हतं. डावा कानना मांगे. चुंबळखाल झाकी ठेवं मी."

यात नवल नव्हतं. दिवाळीत आम्ही एकाच उशीवर झोपलो होतो, एकच कंगवा. मी विचारलं, "मंग तू काय लायं?"

"काहीच नही. बरं व्हई गयं. केस बी परत उनात."

"कव्हय?"

कधीपासून ते तिने आठवून सांगितलं. मी गोळ्यांच्या तारखा वहीत लिहून ठेवत होते, त्यात बघितलं. मी गोळ्या सुरू केल्या त्याच आठवड्यापासून तिची खाज कमी होत गेली होती. मी तसं म्हटलं तर ताई खळखळून हसली. "बरोबरच शे ना वं! दवाखानाना कागदवर नाव मन्हं शे, मंग गुन बी मालेच येई!"

ती हसली. मला हसता आलं नाही.

इथे सांगायला हवं. ताईला लहानपणी शाळेत घातलं, पण त्याच वर्षी आईबरोबर जावं लागल्याने ती सुटली. पटावर नाव तसंच राहिलं — रेखा. माझं खरं, घरचं नाव सुमन. तीन वर्षांनी मला शाळेत नेलं तेव्हा गुरुजींनी मला तिच्याच नावावर बसवलं. जन्माचा दाखला तिचाच होता, माझा काढलेला नव्हता. पुढे माझं आधार शाळेच्या दाखल्यावरून निघालं, रेखा म्हणून. मग ताईचं निघालं ते सुमन म्हणून. घरात कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी कागदावर रेखा, ताई कागदावर सुमन. आणि सरकारी दवाखान्यातला केसपेपर आधारवरूनच निघतो.

मी ठरवून गेले असं नाही म्हणणार... पण दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी एका खाजगी डॉक्टरांकडे गेले. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "नाव?"

"सुमन."

इतक्या वर्षांत घराबाहेर हे नाव मी पहिल्यांदा उच्चारलं. खोटं बोलल्यासारखं वाटलं. त्यांनी मान वर न करता लिहून घेतलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, कंपनी वेगळी, औषध तेच. दोन्ही एकदम घेऊ नकोस, म्हणाले. म्हणून मी 'रेखा'च्या गोळ्या बंद केल्या.

चौथ्या दिवशी खाज थांबली. दहाव्या दिवशी पापुद्रे गळाले. महिना संपायच्या आत चट्ट्यांवर बारीक लव आली, बोटाला मऊ लागायची. मी दिवसातून वीस वेळा हात लावून बघायचे.

रेक्टर मॅडमना 'रेखा'चा कागद हवा होता, म्हणून परत सरकारी दवाखान्यात गेले. मॅडम खूश झाल्या. "बघ, नियमित घेतल्या की येतो गुण!" केसपेपरवर लिहिलं — पूर्ण बरी, औषध बंद.

त्याच संध्याकाळी ताईचा फोन. "मन्हं डोकं परत खाजस वं. आते तं जास्तच. सासूनी ताट येगळं करी टाकं."

मी तिला म्हटलं, तिथे डॉक्टरकडे जा, आणि काहीही झालं तरी रेखा नाव सांग.

"येडी शे का तू? टोळीनी यादीमा मी सुमन शे. दवाखानामा मुकादम संगे ऱ्हास. त्याना समोर रेखा सांगू? मंग तो इचारी, रेखा कोन?" मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तू पेपर दे."

ती गेली दवाखान्यात. सुमन म्हणूनच गेली. महिनाभर गोळ्या घेतल्या, काही फरक नाही. माझे केस मात्र फार छान वाढताहेत.

'रेखा'च्या नावावर पुन्हा गोळ्या सुरू व्हाव्यात म्हणून मी सरकारी दवाखान्यात जाऊन म्हटलं, मॅडम, अजून थोड्या गोळ्या द्या. त्यांनी बॅटरी लावून डोकं तपासलं. "रेखा, डोकं स्वच्छ आहे तुझं. या गोळ्या लिव्हरला जड असतात. उगीच कोण देईल?" खरं कारण सांगायचं, तर नावांची अदलाबदल, त्या नावावरची माझी दहावी, बारावी, हे अ‍ॅडमिशन, सगळंच सांगावं लागलं असतं. मागचा पेशंट आत आला आणि मी बाहेर आले.

खाजगी डॉक्टर म्हणतात, आधीच्या गोळ्यांचा परिणाम उशिरा दिसला असेल. ताईचं घामाने, मोळीखाली डोक्यावर ठेवायच्या चुंबळीने उलटलं असेल. असेलही. पुस्तकाप्रमाणे मलाही तेच पटायला हवं. पटत नाही, आणि दुसरं काही सुचतही नाही.

परवा ताईने केस कापून टाकले. पूर्ण. दाजींनी कोयत्यालाच धार लावून कापले म्हणे. तिने फोटो पाठवला, डोक्यावरून पदर घेतलेला, हसतेय. खाली दाजींकडून लिहून घेतलंय — पेपर कसा गेला?

मी लिहिलं, चांगला गेला.