वेनेरीनाने मान वळवली होती का?

वेनेरीना लेओत्ताचा हात हलका होता, आणि हे कातानिया शहरातल्या सान क्रिस्तोफोरो वस्तीतल्या निदान तीनशे माणसांना स्वानुभवाने ठाऊक होतं. बेचाळीस वर्षं ती घरोघर जाऊन इंजेक्शनं देत होती. सुई टोचायच्या आधी ती नेमका एखादा प्रश्न विचारायची, "जावई आला का परत?" असा काहीतरी, आणि माणूस उत्तर द्यायला तोंड उघडेपर्यंत ती कापसाने चोळायला लागलेली असायची. लोक ज्याला जे जमेल ते द्यायचे. कुणी कॉफी पाजायचं, कुणी घरची अंडी हातात ठेवायचं. फिरायला एक जुनी फिकट हिरवी स्कूटर, तिच्या पेटीत सुया, स्पिरिट आणि कापूस. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगा ओराझियो शहर बसचा चालक, त्यामुळे स्कूटरवाल्यांविषयी त्याचं मत फारसं चांगलं नव्हतं.

शहराच्या उत्तरेला एटना हा ज्वालामुखी पर्वत. वस्तीत त्याला सगळे 'म्हातारी' म्हणत. म्हातारी खोकली, म्हणजे वरून गडगडाट ऐकू आला, की हातातलं काम टाकून माणूस आधी मान वळवायचा. धूर पांढरा की काळा, वारा कुठला, हे बघितल्याशिवाय चैन पडायची नाही. न्हावी गिऱ्हाइकाच्या गळ्यावरचा वस्तरा उचलून दारात यायचा आणि गिऱ्हाईकही फेस लावलेल्या तोंडाने त्याच्या मागोमाग यायचं. वेनेरीनाला मात्र ही चैन परवडत नव्हती. एखाद्याच्या पार्श्वभागात सुई असताना मान वळवली तर काय होईल, याचा विचार तिने तरुणपणीच करून ठेवला होता.

मार्चमधल्या एका मंगळवारी, सकाळी सव्वादहाला, ती डोंगराकडे पाठ करून दक्षिणेकडे निघाली होती. पुढे जमीन मोजणीदार सेबास्तियानो प्रिवितेरा यांची मोटार. तेवढ्यात म्हातारी खोकली. प्रिवितेरांनी रस्त्याच्या उजव्या बाजूला गाडी थांबवली, इथपर्यंत सगळं ठीक होतं. वेनेरीना डावीकडून पुढे जायला निघाली. आणि प्रिवितेरांनी मागे न बघता, किंवा खरं तर फारच मागे, फारच वर बघण्याच्या नादात, दार सताड उघडून एक पाय बाहेर टाकला.

स्कूटर दारावर आदळली. वेनेरीना रस्त्यावर पडली. गर्दी जमली, पण जमलेल्यांनी आधी डोंगराकडे पाहिलं आणि मग वेनेरीनाकडे.

"अहो बाई, तुम्ही!" प्रिवितेरा कपाळ बडवत म्हणाले. "माझ्या सासूबाईंना तुम्हीच तर—"

"आधी दार लावा," वेनेरीना पडल्या पडल्या म्हणाली. "अजून कुणीतरी येऊन आदळेल."

वरच्या मजल्यावरून दोन्ना तुत्सा ओरडली, "अगं, हलू नकोस!" ही वेनेरीनाची शेजारीण आणि चाळीस वर्षांची भांडणसोबतीण. तिने दोरीवरची धुतलेली चादर ओढली, टोपलीत कोंबली आणि टोपली दोरीने सरसर खाली सोडली. "डोक्याखाली घे! आणि नीट घे, लग्नातली आहे!"

उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं आणि गळ्याचं हाड तडकलं होतं. पुढचे अडीच महिने हात गळ्यात बांधलेला आणि त्यानंतरही स्कूटर बंद, तोवर वस्तीतली इंजेक्शनं औषधवाल्याचा पुतण्या देत होता. त्याचा हात गवंड्याचा. वेनेरीनाला भेटायला येणारी माणसं खुर्चीच्या एका कडेवर बसायची, त्यावरून तिला सगळं कळायचं.

मुलगा मात्र समाधानाने बसला होता. "झालं आता," तो म्हणाला. "स्कूटर विकायची. एकसष्ट वर्षांची झालीस, आई."

"दोष त्याचा आणि स्कूटर माझी विकायची?"

"दोष नेहमी दोघांचा असतो. मी रोज रस्त्यावर असतो, मला विचार."

दोन्ना तुत्सा मध्ये पडली आणि तिच्यासमोर करार झाला. नुकसानभरपाईचा दावा लावायचा. न्यायालयाने दोष पूर्ण प्रिवितेरांचा म्हटला तर स्कूटर वेनेरीनाची, आणि ओराझियोने पुन्हा तोंड उघडायचं नाही. पण वेनेरीनाच्या वाट्याला पाव जरी दोष आला, तरी किल्ली ओराझियोची. मग तिने पायी फिरावं किंवा घरी बसावं. गुडघ्यांची अवस्था पाहता पायी फिरणं म्हणजे घरी बसणंच होतं, हे तिघांनाही माहीत होतं.

वकील रापिसार्दा यांनी कागद पाहून नकारार्थी मान हलवली. "वेनेरीनाबाई, पूर्ण दोष त्याचा ठरवणं कठीण आहे. दोन गाड्या भिडल्या आणि पक्का पुरावा नसला, की कायदा दोष निम्मा निम्मा वाटून मोकळा होतो. आपण असं करू, मनगटाबरोबर मानही दुखते असं लिहू. सगळेच लिहितात. मान काही क्ष-किरणात दिसत नाही."

"मान दुखत नाही."

"थोडीसुद्धा नाही?"

"वळलीच नाही तर दुखेल कशी?"

वकिलांनी पेन खाली ठेवलं. "वळली नाही? म्हातारी खोकल्यावर?"

"नाही."

"बाई, मी तुमचा वकील आहे. माझ्यापाशी खरं बोला."

प्रिवितेरांच्या विमा कंपनीने स्कूटर तपासायला एक तज्ज्ञ पाठवला. ती दोन्ना तुत्साच्या अंगणात गोणपाटाखाली उभी होती. त्याने भोवती फेरी मारली, फोटो काढले आणि लिहिलं: उजवा आरसा चक्काचूर, डावा सुस्थितीत. मग दोन्ना तुत्साने दिलेला लिंबू-मीठ घातलेला सोडा पिऊन तो गेला.

कंपनीचं उत्तर आलं त्यात दोन मुद्दे होते. पहिला असा, की त्या दिवशी शहरावर राख पडली होती. राख पडायला लागली की दुचाकी रस्त्यावर आणायला बंदी असते, म्हणजे बाईंनी मुळात तिथे असायलाच नको होतं. दुसरा असा, की स्फोटाचा आवाज झाल्यावर बाईंनी मागे वळून डोंगराकडे पाहिलं, म्हणून त्यांना दार दिसलं नाही.

"राख नंतर पडली," वेनेरीना म्हणाली. "मला रुग्णवाहिकेत घातल्यावर."

"पुरावा?"

वेनेरीनाला चादर आठवली. रापिसार्दा वकील टुणकन उठले. चादर तासभर रस्त्यावर होती, तिच्यावर राखेचा कण नसेल तर आपण जिंकलो! दोघं दोन्ना तुत्साकडे गेले. तिने कपाटातून चादर काढली. पांढरीशुभ्र, खळ घातलेली, इस्त्री केलेली, चार घड्यांत लॅव्हेंडरची पुडी.

"तुत्साताई," वेनेरीना हळूच म्हणाली, "धुतलीस?"

"म्हणजे? रक्ताचे डाग पडलेली चादर कपाटात ठेवू? दोनदा धुतली. उन्हात टाकली."

"अहो, तो पुरावा होता!" वकील म्हणाले.

"न्यायालयात मळकी चादर घेऊन जाऊ मी? लोक काय म्हणतील मला?"

सुनावणी पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात लागली. न्यायाधीशबाई पन्नाशीच्या, डोंगरउतारावरच्या एका गावातल्या. त्यांच्या खुर्चीमागे कायद्याच्या पुस्तकांचं काचेचं कपाट, आणि समोर, पक्षकारांच्या पाठीमागे, उत्तरेकडची मोठी खिडकी. कंपनीचा वकील दूर उत्तरेतल्या बेर्गामोहून बदली होऊन आलेला तरुण, बूट चकचकीत. प्रिवितेरांनी येऊन आधी वेनेरीनाच्या मनगटाची चौकशी केली आणि सासूबाईंचा नमस्कार सांगितला.

दोन्ना तुत्साची साक्ष झाली. चादर तिने आग्रहाने आणली होती आणि मांडीवर घेऊन बसली होती.

"धुतलेल्या चादरीवरून काहीच सिद्ध होत नाही," बेर्गामोचा वकील म्हणाला.

न्यायाधीशबाईंनी चष्मा सरळ केला. "अपघात झाला तेव्हा ही चादर कुठे होती?"

"दोरीवर. कुठे असणार?"

"बाहेरच्या दोरीवर?"

"घरात कोण वाळत घालतं, बाई?"

"लिहा," न्यायाधीशबाई कारकुनाला म्हणाल्या, "अपघाताच्या वेळी राख पडत नव्हती."

"हे कसं?" वकील चकित झाला.

"तुम्ही नवीन आहात. इथे राखेचा पहिला कण पडल्यावर दोरीवर कपडे राहत नाहीत. घर जळत असलं तरी आधी कपडे आत येतात. पुढे चला."

पुढे प्रिवितेरा उभे राहिले आणि त्यांनी सरळ सांगितलं. "दार मी उघडलं, नाकारत नाही. म्हातारी खोकली, मी बघितलं. पण बाईंनीही बघितलंच असणार. सगळेच बघतात. निम्मं माझं, निम्मं त्यांचं, आणि मनात काही ठेवायचं नाही, असं मला वाटतं."

खोलीतल्या सगळ्यांच्या माना नकळत डोलल्या. रापिसार्दा वकिलांचीसुद्धा. मागे बसलेल्या ओराझियोने खिशातलं बसचं वेळापत्रक काढून बघितलं, जणू काम संपलंच होतं.

न्यायाधीशबाईंनी वेनेरीनाला पुढच्या खुर्चीत बोलावलं. "बाई, सरळ विचारते. या शहरात तो आवाज ऐकून न वळलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्या दिवशी डोंगर बघायला तुम्ही मान—"

तेवढ्यात खिडकीची तावदानं थरथरली. लांबून, खोलवर, एखाद्याने भरलेलं पिंप गडगडत नेल्यासारखा आवाज आला.

बेर्गामोचा वकील सगळ्यात आधी खिडकीशी पोचला, हातात फोन. त्याच्यामागे प्रिवितेरा. त्यांच्यामागे कारकून, ओराझियो आणि रापिसार्दा. न्यायाधीशबाईसुद्धा उठून टेबलाला वळसा घालून गेल्या.

"काळा आहे," त्या म्हणाल्या. "वारा कुठला?"

"पश्चिमेचं वारं धरलंय, बाई," कारकून म्हणाला. "समुद्रावर जाईल."

"माझे टॉवेल बाहेर आहेत!" दोन्ना तुत्सा किंचाळली. "देवा, आठ टॉवेल!"

"समुद्रावर जातंय म्हणतोय ना तो," ओराझियो म्हणाला.

मग एकेक जण वळला. वेनेरीना खुर्चीत होती तशीच बसली होती. हात मांडीवर, पाठ ताठ, नजर समोर, पुस्तकांच्या कपाटावर.

न्यायाधीशबाई जागेवर येऊन बसल्या. "तुम्हाला ऐकू आलं नाही का?"

"आलं की."

"मग?"

"तुमचा प्रश्न अर्धा राहिला होता, बाई."

 न्यायाधीशबाईंनी प्रश्न पूर्ण केला. "त्या दिवशी डोंगर बघायला तुम्ही मान वळवली होती का?"

"नाही. बेचाळीस वर्षं वळवली नाही. ज्यांना माझी इंजेक्शनं बसलीत त्यांना विचारा."

"हा काही पुरावा नव्हे!" बेर्गामोचा वकील म्हणाला. त्याच्या फोनचा कॅमेरा अजून चालूच होता.

"बरोबर आहे," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "पण आत्ता या खोलीत कोण कुठे होतं ते मी लिहून घेणार आहे. तुमचंही लिहू?"

महिन्याभराने निकाल आला. संपूर्ण दोष मोटारचालकाचा. वेनेरीनाने तो रापिसार्दा वकिलांकडून तीनदा वाचून घेतला, आणि तिसऱ्यांदा फक्त शेवटची ओळ.

ओराझियो शब्दाचा पक्का. पुढच्या रविवारी त्याने स्कूटर दुरुस्त करून आणली, उजवीकडे नवा आरसा बसवून. गल्लीत दक्षिणेकडे तोंड करून लावली. ब्रेक बघावेत म्हणून सहज तिच्यावर बसला आणि डाव्या आरशात पाहिलं.

आरशात रस्ता नव्हता, मागची गाडी नव्हती, काही नव्हतं. घरांच्या छपरांवरून डोकावणारी म्हातारी होती, आरशात बरोबर मधोमध.

"आई."

"काय रे?"

"हा आरसा असा किती वर्षं आहे?"

वेनेरीनाने पेटीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. "तुझ्या बाबांनी लावून दिला होता. म्हणाले, मान वळवू नकोस, पडशील."

"म्हणजे त्या दिवशी तू बघत होतीस."

"मान वळवली नाही मी."

"मी मानेचं विचारत नाहीये!"

"न्यायाधीशबाईंनी मानेचंच विचारलं होतं." तिने पेटीवरची धूळ पुसली. "दार उघडलं तेव्हा नव्हते बघत. त्याच्या आधी. जरासं."

ओराझियोने डोकं धरलं. मग त्याला काहीतरी सुचलं. "आणि त्या दिवशी न्यायालयात? पाठीमागे एवढी खिडकी असताना?"

"कपाटाची काच फार स्वच्छ ठेवतात रे तिथे."

तो पुन्हा आरशात बघायला लागला. आणि बघतच राहिला. शिखरावर धुराची बारीक रेघ होती, ती हळूहळू जाड होत होती.

"ओराझियो!" वरून दोन्ना तुत्साची हाक आली. दोन्ही हातांत ओले कपडे. "कसा आहे रे? वाळत घालू का?"

"पांढरा आहे, मावशी! घाला!" तो आरशातूनच बघत म्हणाला.

 वेनेरीना त्याच्याकडे बघत होती, जावई परत आला का असं विचारताना बघायची तशी.

ओराझियोने हात लांबवून आरसा दोन बोटांनी खाली वळवला, रस्ता नीट दिसेपर्यंत. मग खाली उतरला आणि किल्ली तिच्या हातात ठेवली.

तिने बसून पाहिलं. "काय रे हे," ती म्हणाली. "नुसत्या गाड्याच गाड्या."

पहिली फेरी प्रिवितेरांच्या घरी होती. पावणेदोन वर्षं पुतण्याचा हात सोसून त्यांच्या सासूबाईंनी डोळ्यांत प्राण आणून तिची वाट पाहिली होती. दार प्रिवितेरांनीच उघडलं, या वेळी अगदी हळू, बाहेर नीट बघून.

"निकाल वाचला, बाई," ते खाली मान घालून म्हणाले. "न्यायाधीशबाईंचं बरोबर आहे. सगळा दोष माझा."

"पाऊण," वेनेरीना म्हणाली.

"काय म्हणालात?"

"पाऊण तुमचा. स्पिरिट इथेच ठेवू का?" असं म्हणून ती आत गेली, आणि सासूबाईंना विचारू लागली की यंदा ऑलिव्ह कसे काय उतरले.