गुणाजीची दहा बोटं

घाटकोपरच्या आमच्या चाळीत गुणाजी तावड्याइतका निरुपद्रवी माणूस शोधून सापडला नसता, आणि सरकारदरबारी गुन्हेगार म्हणून नोंद होती ती नेमकी त्याची. मला याचा अजून संताप येतो.

तावडे मूळचे मालवणकडचे. थोरल्या मार्तंडला शिकवायचं म्हणून धाकट्या गुणाजीने शाळा सोडली आणि गिरणी धरली. त्या घरात यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, गुणाजीला तर नाहीच. मार्तंड मॅट्रिक झाला, कोर्टात कारकून म्हणून चिकटला. पुढे त्याला पहिला मुलगा झाला, तेव्हा गावच्या राखणदाराला, म्हणजे गाव सांभाळणाऱ्या देवाला, इथल्या घरीच राखण द्यायचं ठरलं. राखणीला कोंबडा लागतो तशी दारूही लागते. दारूबंदी सरकारने केली होती, राखणदाराने नव्हे. मार्तंडने मढहून डबाभर हातभट्टीची आणवली. देवाला त्यातली चमचाभर, उरलेली पाहुण्यांना. कोणीतरी चुगली केली आणि पोलीस आले.

ते जिना चढत होते तेवढ्यात मार्तंडने भावाला मोरीकडे ओढलं. "माझी नोकरी जाईल रे. डबा तुझा म्हण. सजा भोगलीस की पाटी कोरी!"

गुणाजीने डबा आपला म्हटला. तीन महिने ठाण्याच्या तुरुंगात काढले, गिरणीतली जागा गेली. दहाही बोटांना शाई फासून ठसे घेतले होते, पण अंगठा उठवतात तसलंच काहीतरी असेल असं त्याला वाटलं.

सुटल्यावर तो लॉरीवर क्लीनर झाला, मग ड्रायव्हर. प्रेमाशी लग्न झालं. लॉरीवाला मालक आज ठेवी, उद्या काढी. म्हणून सत्तावन्न साली एका सरकारी खात्यात ड्रायव्हर हवेत म्हटल्यावर प्रेमाने नवस बोलला. कायमची नोकरी, वर पेन्शन! गुणाजी गाडीच्या परीक्षेत झकास पास झाला. अर्ज मी भरून दिला. 'पूर्वी शिक्षा झाली आहे काय?' तिथे मी थांबलो. "'नाय' लिवा, विद्याधरभाऊ," तो म्हणाला. "ता सगळा मिटला कधीच." त्याने मला तेव्हाच सगळी हकीगत सांगितली, तीही भावाचं कौतुक म्हणून.

खात्याकडून उत्तर आलं, पोलीस चौकशीत अपात्र. आम्ही दोघे पोलीस ठाण्यात गेलो. जमादार बरा माणूस होता, त्याने बसायला बाक दिलं.

"अशी चौकशी आली की आधी आमच्याकडचं दप्तर बघतात," तो म्हणाला. "मग बोटांचे ठसे पुण्याला जातात. अख्ख्या राज्यात कुठंही शिक्षा झालेली असू दे, तिथं सापडते. आणि आता कलकत्त्यालापण कचेरी निघालीय, देशभराची. नाव बदल, गाव बदल, बोटं कुठली बदलणार?"

"पन मी सजा भोगलीय ना, साहेब?"

"भोगलीस म्हणून तर नोंद आहे." मग त्याला दया आली असावी. "असं कर. शिक्षा जुनी आहे. एखाद्या वजनदार सरकारी माणसाचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला आण. साहेब विचार करतील."

गुणाजीचा चेहरा खुलला. "माझो दादाच कोर्टात आसा!"

जमादाराने माझ्याकडे पाहिलं. "कोर्टात? मग शिक्षेचा कागद पुण्याला जातो हे त्यांना ठाऊकच असेल की." गुणाजीने ते ऐकलं नाही, किंवा त्याला ऐकायचं नव्हतं.

त्या रविवारी आम्ही मुलुंडला गेलो. मार्तंडराव आता तीन खोल्यांत राहत होते. गुणाजी खाली सतरंजीवर बसला आणि दाखला मागितला. डबा कुणाचा होता ते खरं सांग, असं तो म्हणालाच नाही. चार ओळी फक्त, माणूस सरळ आहे एवढंच.

"शिक्षा झालेल्याला मी दाखला देऊ?" मार्तंडराव म्हणाले. "उद्या माझीच चौकशी लागेल. आणि अर्जात 'नाही' कशाला लिहिलंस? निदान मला विचारायचं होतंस."

माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. "पाटी कोरी होते असं तुम्हीच सांगितलं होतं ना त्याला? रोज कोर्टात बसता, तुम्हाला हे माहीत नव्हतं काय?"

"माहीत होतं," ते शांतपणे म्हणाले. लाज नाही, काही नाही. "खरं सांगितलं असतं तर हा तयार झाला असता का?"

गुणाजी उठला. त्याने चपला घातल्या. दारात वळला.

"झालो असतो, दादा," तो म्हणाला. "खरं सांगितलं असतंस तरी झालो असतो."

मार्तंडरावांनी आत तोंड करून बायकोला हाक मारली. "कुंदा, चहा टाक गं तिघांचा."

गुणाजी तोवर जिना उतरला होता.