नव्या लेथवरचं लाटणं

लाकूड कातायच्या लेथचं खोकं शिळफाट्यावरून टेंपोत घालून आणलं तेव्हाच मला त्याचा संशय आला होता. कुरियरवाल्याला आमचं गाव कधीच सापडत नाही, म्हणून मला तिथवर जाऊन ते उचलावं लागलं. आणि बघतो तर चिकटपट्टी दोनदा लावलेली. कुणीतरी वापरून परत केलेला माल माझ्या गळ्यात मारला, असं मी टेंपोवाल्याला रस्ताभर सांगत होतो. तो हो हो म्हणत होता, त्याचाही मला राग आला.

मी खोपोलीच्या एका कारखान्यात तीस वर्षं टर्नर होतो, लोखंडाच्या लेथवर. शेवटच्या वर्षी माझे जॉब, म्हणजे मी कातलेले भाग, तपासणीतून परत यायला लागले. नवा इन्स्पेक्टर आला होता, माझ्या मुलाच्या वयाचा, आणि त्याने माझ्यावर डूख धरलाय हे मी चार दिवसांत ओळखलं. त्याने माप चुकलं म्हणायचं, मी त्याचं मापायचं गेज खोटं आहे म्हणायचं, असं वर्षभर चाललं. शेवटी मला मशीनवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं आणि तिथूनच मी निवृत्त झालो. लाकडाचा लेथ हौसेसाठी घेतला असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे मला बघायचं होतं की माझं काम बिघडलेलं नाही आणि तो माणूस खोटा होता.

पडवीत टेबलाला बोल्ट मारून लेथ बसवला. एका बाजूला फिरणारं टोक, दुसऱ्या बाजूला लाकूड दाबून धरणारं टोक. ही दोन टोकं समोरासमोर नेमकी भिडायला हवीत, नाहीतर काम वाकडंच निघतं. मला खात्री होती की भिडणार नाहीत. भिंग घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं. भिडत होती. मग मी लाकडाकडे वळलो. वखारवाल्याने शिसव म्हणून दिलेला तुकडा नखाने खरवडला, पाणी लावून पाहिलं, हुंगला. रंग दिलेली बाभूळ असणार असं मला वाटत होतं. शिसवच निघालं.

पहिलं काम म्हणून लाटणं करायला घेतलं. लोखंडाच्या लेथवर हत्यार मशीनने आवळून धरलेलं असतं, आपण फक्त चाक फिरवायचं आणि आकडे बघायचे. इथे गोल पटाशी हातात. लाकूड समोर गरगर फिरतंय आणि पटाशी जरा जास्त टेकली की ढलपी उडालीच म्हणून समजा. पहिले दोन तुकडे मी वाया घालवले आणि दोन्ही वेळा लाईटच्या व्होल्टेजला शिव्या दिल्या. तिसरं मात्र जमलं. सॅंडपेपर मारला, खोबरेल चोळलं. कपाटात माझा डिजिटल व्हर्नियर होता, मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणारा. तो काढलाच नाही. लाकडाला कसला व्हर्नियर, असं म्हणालो.

बायकोने लाटणं हातात फिरवून पाहिलं आणि छान झालंय म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली की मला ते खरं वाटेना. ती माझी समजूत काढतेय आणि माझी पाठ वळली की जुनंच लाटणं वापरतेय, असं मी धरून चाललो. जुनं लाटणं फडताळावर होतं. मी त्याच्या कडेने पेन्सिलीची बारीक रेघ मारून ठेवली, हललं तर कळावं म्हणून. आठवडाभर रोज बघितलं. हललं नाही. चपात्या मात्र रोज गोल येत होत्या. म्हणजे माझं लाटणं चांगलं होतं. त्या आठवड्यात मी त्या इन्स्पेक्टरला मनातल्या मनात बरंच सुनावलं.

पण एक आवाज मला खटकत होता. लाटताना दर थोड्या वेळाने टक असं वाजायचं आणि ती क्षणभर थांबायची. तीस वर्षं मशीनचे आवाज ऐकलेला माणूस मी, मला ते सोडवेना. एका सकाळी मागच्या दाराने हळूच येऊन उभा राहिलो. ती दोनदा लाटायची, लाटणं पोळपाटावर टेकवायची आणि उलटं करून धरायची, डावं टोक उजवीकडे. पुन्हा दोनदा, पुन्हा उलटं. एक टोक जाड होतं आणि एक बारीक. चपाती एका बाजूला पळू नये म्हणून ती आठ दिवस प्रत्येक चपातीला हे करत होती.

मी लाटणं तिच्या हातातून घेतलं, पुसलं, पडवीत नेलं आणि व्हर्नियर काढला. दोन टोकांत तीन मिलिमीटरचा फरक. व्हर्नियरचा सेल उतरला असेल म्हणून नवा घातला. तरी तीनच. कंपनीत आम्ही केसाएवढ्या फरकावरून भांडायचो. मशीन मीच तपासून पास केलं होतं, लाकूडही. आता दोष द्यायला कुणी उरलं नव्हतं.

आत आलो तर तिने जुनं लाटणं काढलं होतं आणि न थांबता लाटत होती. मी विचारलं, हे तुला कधी कळलं?

"लाटन्याचं पहिल्याच दिवशी," ती म्हणाली. "तुमच्या नजरेचं तुमी कंपनीत व्हते तवाच. जॉब परत यायला लागले, आनि घरात दुधाची पिशवी कापताना तुमची कात्री बाजूला जायची. तुमी त्या पोराला शिव्या देत व्हते, मी हूं हूं करत व्हते."

"मग बोलली का नाय गं?"

"माज्यावर पन संशय घेतला असता तुमी."

पेन्सिलीची रेघ अजून फडताळावर होती. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त डोळ्यांची भीती वाटली, कारण त्या पोराचं गेज बरोबर होतं. वर्षभर तो मला खरं तेच सांगत होता आणि मी त्याला शॉपमधल्या साऱ्या कामगारांसमोर खोटा ठरवलं होतं.

तिने गॅस बंद केला. "डोळं दाखवून येऊ. आत्ताच जाऊ, मी येते संगं."

एरवी मी कुठला डॉक्टर, तो तुला कुणी सांगितला, त्याचं मशीन किती जुनं, हे सगळं विचारलं असतं. मी म्हटलं, चल.