दोन डिस्क आणि एक बांध

माझा धंदाच संशयाचा आहे. लोकांच्या जमिनी मी खासगीत मोजून देतो, आणि मोजणीला बोलावणारा माणूस कधी 'माझी जमीन किती' असं विचारत नाही. शेजाऱ्याने किती खाल्ली ते विचारतो. वीस वर्षं हेच ऐकून कान तसेच झाले आहेत. त्यामुळे दिवाळीनंतर एका सकाळी ऑफिसातलं मशीन, म्हणजे माझा नकाशांचा कॉम्प्युटर, सुरू होईना, तेव्हा ते बिघडलं असेल असं माझ्या मनात आलंच नाही. कुणी बिघडवलं, एवढंच आलं.

काळ्या पडद्यावर पांढरी एकच ओळ होती. मशीन सुरू करता येईल अशी डिस्क सापडत नाही, असा तिचा अर्थ. वास्तविक आत दोन डिस्क होत्या. एकीवर जे उमटेल तेच आपोआप दुसरीवर. एक गेली तरी दुसरी आहे, असं बसवून देणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि त्या भरवशावर मी कशाचीच वेगळी प्रत ठेवली नव्हती.

एरवी मी चार दिवस थांबलो असतो. पण सोमवारी आमच्या घरच्या रानाची सरकारी मोजणी होती. घोटावड्याच्या रस्त्याकडेचं हे सामाईक रान, अर्धं माझं, अर्धं माझ्या थोरल्या चुलतभावाचं. अशा मोजणीत दोघांनी मिळून आपापली हद्द दाखवावी लागते, आणि ती एकदा कागदावर आली की कायमची. आमची हद्द आमच्या दोघांच्या बापांनी एकदाच एकत्र चालून दाखवली होती. मी नवं मोजणीयंत्र घेतलं होतं, म्हणून हौसेने मोजून ठेवली. वडील पुढे, चुलते मागे. हितं धर, हितं न्हाई, वाईच वर, असं चाललं होतं. पुढे दोघेही गेले, बांधाचे दगड जेसीबीने उचलले, आणि ती रेघ फक्त माझ्या मशीनमध्ये राहिली. घरचंच काम, म्हणून मी तिचा कागद कधी काढला नव्हता. माझं ऑफिसही त्याच बांधाच्या कडेला उभं आहे; रेघ नसली तर भाऊ ती हवी तिथे दाखवणार. तेव्हा ती रेघ हरवली तर नुकसान कुणाचं आणि फायदा कुणाचा, हा हिशोब मी मशीनसमोर उभ्या उभ्याच केला.

"परवा थोरले भाऊजी येऊन गेले," बायको म्हणाली. "तुम्ही कासारसाईला होता ना, तेव्हा. मीच ऑफिस उघडून दिलं. पाणी प्याले, तुमच्या खुर्चीत बसले थोडा वेळ."

"किती वेळ?"

"वीसेक मिनिटं. का?"

माझ्या खुर्चीत वीस मिनिटं. मला आणखी पुरावा नको होता. बायको म्हणाली, मशीनला हात लावणं सोडा, भाऊजींना स्वतःच्या मोबाइलवर मेसेज टाकता येत नाही. मी म्हणालो, वायर उपटायला कुठे शिकावं लागतं.

चुलतभावाच्या खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. चार-पाच माणसं होती, मी ती गेल्यावर बोलायला हवं होतं. पण डोक्यात राख घालून आलेल्या माणसाला कुठलं भान.

"दादा, परवा हापिसात आलतास. मशीनला हात लावलास का?"

"म्या कशाला हात लावू? तुजी वाट बगत व्हतो."

"वीस मिन्टं?"

"व्हय. वीस मिन्टं."

"मग मोजनीच्या तोंडावरच कसं बंद पडलं?"

झोडणारी माणसं थांबली. दादाने हातातली पेंढी फळीवर ठेवली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. "त्ये मशीनलाच इचार," असं म्हणून त्याने पेंढी पुन्हा उचलली. नजर चोरली नाही, याचाही मी उलटाच अर्थ लावला. निर्ढावलेला आहे, म्हटलं.

आमच्या भाड्याच्या खोल्यांत एक तिशीतली बाई राहते. अकोल्याकडची, हिंजवडीला एका कंपनीत सर्व्हर सांभाळते. शनिवारी तिला सुट्टी होती, तिला बोलावलं. ती म्हणाली, "काका, डिस्क माझ्या खोलीवर नेते, दुपारपर्यंत बघून ठेवते." मी म्हटलं, इथेच बघा. तिच्या खोलीवर कोण येतं-जातं मला काय ठाऊक? ती हसली आणि स्टूल ओढून बसली. मी शेजारी दुसरं स्टूल घेऊन बसलो, आणि ती जो स्क्रू काढेल तो मोजून वाटीत ठेवत गेलो.

तिने पहिली डिस्क बाहेर काढली, उजेडात धरली आणि माझ्यासमोर केली.

"काका, हे काय आहे?"

डिस्कच्या चंदेरी पाठीवर हळदीकुंकवाचं वाळलेलं बोट होतं. नंबर त्याखाली गाडला गेला होता. वायर जिथे बसते त्या खाचेत तांबूस चिखल वाळला होता, आणि तिथल्या पिवळ्या पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. तिने मशीनचा डबा कलता केला, तर तळातून दोन अक्षता घरंगळल्या.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. वडील सांगायचे, कुंकू फाळाला लावायचं, दांडक्याला नाही. काम जो करतो त्याची पूजा. म्हणून मी दरवर्षी मोजणीयंत्राच्या खोक्याला न लावता यंत्रालाच लावतो. मशीनच्या बाबतीत डब्याला कुंकू लावून भागवत होतो. यंदा वाटलं, ही वडिलांच्या शब्दाची फसवणूक आहे. डबा उघडला, दोन्ही डिस्क काढल्या, पाण्यात कालवलेली हळद आणि कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, नमस्कार करून परत बसवल्या. पुढे तीन-चार आठवडे मशीन चाललं, आणि मी ते विसरूनही गेलो. बायको तेव्हा नैवेद्याचं ताट घेऊन मागेच उभी होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर वळसा घालताना भावाच्या खळ्यावर जाऊन चार माणसांत त्याचा अपमान करून आलो होतो.

मी त्या बाईला सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "दुसरीलाही लावलंय?"

दुसरीलाही लावलं होतं, पण तिच्या खाचेत ओल गेली नव्हती. "मग हिच्यावर सगळं असेल," ती म्हणाली.

"असेल तर सुरू का होत नाही?" माझा संशय अजून पुरता मेला नव्हता; आता तो मशीन बसवून देणाऱ्याकडे वळला होता.

तिने समजावलं. नकाशे दोन्हीकडे सारखेच लिहिले जात होते. पण मशीनला जागं करणारा जो छोटा भाग असतो, तो त्या जोडीत धरलाच नव्हता. तो एकट्या पहिल्या डिस्कवर होता, आणि पहिलीच मेली. दुसरीकडे घर सगळं शाबूत होतं, नुसता दरवाजा नव्हता.

तिने घाई केली नाही. आधी मशीन पेनड्राइव्हवरून उठवलं आणि उरलेल्या डिस्कची एक प्रत स्वतःजवळच्या वेगळ्या डिस्कवर काढली. "आता माझ्या हातून चूक झाली तरी चालेल," म्हणाली. मग तो सुरू करणारा भाग तिने उरलेल्या डिस्कवर लिहिला, पेनड्राइव्ह काढला आणि बटण दाबलं. मशीन उठलं. मी हात जोडले, आणि लगेच खाली घेतले.

तोवर पिरंगुटहून नवी डिस्क मागवून घेतली होती. ती जोडताना मी दोनदा विचारलं, कोरी भरलेलीवर तर उमटणार नाही ना? तिने मला नंबर वाचायला लावले, नखाने कुंकू खरवडून. जुनीवरून नवीवर जाणार, उलटं नाही, हे मी मान्य केल्यावरच तिने पुढचं केलं. नवी भरून झाल्यावर तिच्यावरही तो सुरू करणारा भाग लिहिला, मग जुनी काढून नवीवर मशीन उठवलं, नवी काढून जुनीवर उठवलं. दोघींना एकेकटीने उठता आलं पाहिजे, त्याशिवाय जोडीला अर्थ नाही, असं म्हणून ती जेवायला गेली.

मी नकाशा उघडला. वडील आणि चुलते जिथे जिथे थांबले होते, ते सात बिंदू. त्यावर ऑफिसच्या भिंती बसवून पाहिल्या, आणि पुन्हा पाहिल्या. दुसऱ्याचं रान मी दोनदा मोजतो. स्वतःचं ऑफिस बांधताना मात्र नजरेने पाया आखला होता. रेघ माझ्या ऑफिसच्या मधून जात होती. पुढचा अर्धा भाग, टेबलासकट, चुलतभावाचा होता.

क्षणभर, खरं सांगतो, मशीन उठलंच नसतं तर बरं, असं वाटून गेलं. मग स्वतःचीच इतकी शरम वाटली की छापलेला कागद घेऊन मी तसाच त्याच्याकडे गेलो. खळं झाडून झालं होतं. तो एकटाच पोत्यांची तोंडं शिवत बसला होता.

"दादा, चुकलं माजं. माज्याच हातनं बिगाडलं व्हतं." मी कागद पुढे केला. "आनि हे बग. हापिस तुज्यात हाय."

त्याने कागद घेतला नाही. "ठाव हाय मला. पाया खंदलास तवापास्नं ठाव हाय." दाभण पोत्यातून आरपार ओढून त्याने गाठ मारली. "त्येच बोलाया आलो व्हतो त्या दिशी. म्हनलं, सायबाला रेघ हापिसाच्या भायेरनं दावू. काय जातंय माजं? तू न्हवतास."

मी कागदाची घडी घातली. त्याने पुढचं पोतं ओढलं.

सोमवारी मोजणीचे साहेब आले. त्यांनी विचारलं, हद्द कोण दाखवतंय. मी चुलतभावाकडे पाहिलं. त्याने ऑफिसच्या भिंतीकडे पाहिलं. मला वाटलं, अजून म्हणेल, रेघ भिंतीच्या बाहेरून धरा.

"कागदावर हाय, तितं धरा," तो म्हणाला.

एक खूण माझ्या ऑफिसच्या आत येत होती. साहेब लाल रंगाचा डबा घेऊन दारात थांबले, फरशीवर खूण करायला जागा नव्हती. टेबल मीच सरकवून दिलं.