शोभा, शकुंतला आणि उरलेलं एक

माझ्या खोलीत दोन बायका राहतात, हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

खोली उचगावात. मालकीणबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणते, म्हणून मीही अक्काच म्हणायचो. त्यांचं खरं नाव विचारायचं धाडस मला कधी झालं नाही. (पुढचं सगळं रामायण या एका भिडेपायी घडलं.) घर जैनांचं. त्यामुळं पहिल्याच दिवशी अक्कांनी दोन अटी सांगितल्या : खोलीत अंडं-मांस शिजणार नाही आणि राहणारा माणूस एकच राहील. दुसऱ्या अटीवर त्यांचा स्वतःचाच विश्वास नसावा. रोज सकाळी त्या माझ्या दारातल्या चपला मोजायच्या. एकदा चप्पल तुटली म्हणून मी बूट घेतले, तर लगेच चौकशी. "पावणं कोण आल्यात?"

तिसरी अट आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. आमचं गाव मलकापूरच्या पुढं. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझी बहीण सुप्रिया बारावीला होती, आणि तिलाही पुढं शिकायचं होतं. मला एसटीत बसवताना आबा तिच्यासमोरच म्हणाले, "प्रकाश, तुजं एक वरीस बघतो. नीट ऱ्हायलास तर सुपीलाबी धाडतो. काय वंगाळ कानावर आलं, तर दोघंबी म्हशीमागं!"

सुपीनं माझ्याकडं असं बघितलं, जणू तिची गुणपत्रिका माझ्याच हातात आहे.

मेस परवडणारी नव्हती, म्हणून स्वयंपाक हातानं. आईनं घरातलं सगळ्यात लहान भांडं दिलं. ते आठ माणसांचं होतं. आईनं आयुष्यात कधी एका माणसाचा स्वयंपाक केलेला नाही, तिला ती कल्पनाच अशुभ वाटते.

"आई, एकट्याला तांदूळ किती घालू?"

"घाल की अंदाजानं."

"अंदाज म्हंजे किती?"

"तीन मुठी."

"कुणाच्या मुठी?"

"आबांच्या."

मी आबांच्या मुठी आठवून भात घातला. सोमवारी भात खाल्ला. मंगळवारी त्यालाच फोडणी दिली. बुधवारी तोच पिठात मळून थापला. गुरुवारी त्यानं वास सोडला आणि मी त्याला.

बाजारातही एकट्या माणसाला मान नाही. मी भाजीवालीकडं एक वांगं मागितलं, तर तिनं मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "एक वांगं? पावणं, घरात न्हेऊन पूजा घालणार हायसा काय?" शेवटी मसूर भिजवून मोड आणायला शिकलो. मोड आले की मूठभर मसूर वाटीभर दिसतात, आणि पोटापेक्षा आधी डोळ्यांचं समाधान होतं. पण एवढ्याशा मसुराला आठ माणसांचं भांडं म्हणजे ते तळाशी हरवल्यासारखेच दिसायचे!

म्हणून मोडीच्या, म्हणजे जुन्या भांड्यांच्या, दुकानातून दोन लहान पातेल्या वजनावर घेतल्या. घरी येऊन बघतो तर दोन्हींवर नावं घातलेली. कुणाच्या तरी लग्नातला आहेर असणार. एकीवर होतं, 'चि. सौ. कां. शोभा हिस मावशीकडून'. दुसरी जाड बुडाची, तिच्यावर 'सौ. शकुंतला हिस आत्याकडून'. सुपीला फोनवर सांगितलं, तर ती हसून लोळली. त्या दिवसापासून आम्ही पातेलीला पातेली म्हणणं सोडलं.

रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. माझे हात पिठात, म्हणून फोन स्पीकरवर टाकून खिडकीत ठेवायचो. (ती खिडकी अक्कांच्या धुण्याच्या दगडावर उघडते, ही गोष्ट मला माहीत होती. तिचा अर्थ मात्र कळला नव्हता.)

"दादा, आज शोभा कशी हाय?"

"शोभाचं काय खरं न्हाय गं. जरा दुर्लक्ष झालं की लगीच तापती."

"आणि शकुंतला?"

"ती शांत. जुनी हाय, पण बूड जाड. किती बी तापू दे, काय बोलत न्हाय."

"मग शोभाला दे की सोडून!"

"कशी सोडू? एकट्याचं भागतंय ते तिच्याच जिवावर. रातच्याला तिला घासूनपुसून पालथी घातली, की मला झोप."

खिडकीखाली धुणं आपटायचा आवाज थांबला. मला वाटलं, धुणं संपलं असेल.

आता एक कबुली द्यायला हवी. अक्कांची पहिली अट मी मोडली होती. मसूर खाऊन खाऊन स्वप्नातसुद्धा मोड यायला लागले, तेव्हा एका रविवारी मी चार अंडी आणली आणि तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवली. एकेक उकडून खायचो, तेही खिडकी लावून, उदबत्ती पेटवून. प्रत्येक घासाला वाटायचं, अक्का दारात आहेत. त्यामुळं शनिवारी सकाळी अक्का खरोखरच दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मी आधीच कबुलीच्या तयारीत होतो.

"प्रकाश, मला सगळं कळलंय. खरं बोल. ती कधी आणलीस?"

माझं लक्ष तांदळाच्या डब्याकडं गेलं. उदबत्ती कमी पडली तर!

"र... रविवारी, अक्का."

"माझ्या घरात! आणि मला पत्ता न्हाय! किती हाईत?"

"चार होती."

"चार?" अक्कांनी चौकट धरली. (त्यांच्या हिशेबात तोवर दोनच होत्या.)

मी घाईघाईनं सावरायला गेलो. "पण आता तीन संपली, अक्का! एकच उरलंय!"

अक्का एक पाऊल मागं सरल्या. मला वाटलं, रागानं. म्हणून आणखी खुलासा केला. "कुणाला काय कळू दिलं न्हाय. वाससुद्धा येऊ दिला न्हाय. जे ऱ्हायलं, ते पिशवीत घालून लांब टाकून आलो."

अक्का तशाच उलट्या पावलांनी निघून गेल्या. मिनिटभरानं त्यांच्या दाराला आतून कडी लागली. दिवसाढवळ्या!

मराठीत 'ती' म्हणजे एक बाई की चार अंडी, हे ज्यानं त्यानं आपल्या पापाप्रमाणं ठरवायचं असतं, हे व्याकरण मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं.

अक्कांनी आबांना फोन लावला. "शोभा म्हणून एक हाय. दुसरीचं नाव मी तोंडानं घ्यायची न्हाय. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं न्हाय. तुमी या."

आबा-आई रविवारी सकाळी पहिल्या एसटीनं आले. पोरीच्या कानावर असलं काही जायला नको, म्हणून सुपीला 'गुडघ्याच्या डॉक्टरकडं चाललोय' असं सांगून आले होते. म्हणजे ज्या एकाच माणसाला सगळं खरं ठाऊक होतं, तिला मुद्दाम घरी ठेवलेलं!

आबा आत आले. आधी दारामागं बघितलं, मग कॉटखाली. कॉटखाली माझे बूट होते, ते त्यांनी उचलून उलटसुलट तपासले. आई हातातली पिशवी छातीशी धरून उभी. मागं अक्का, चौकटीच्या बाहेर, पळता येईल अशा बेतानं.

"बोलीव तिला भाईर," आबा म्हणाले.

"कुणाला?"

"शोभाला!"

आबांना शोभा माहीत आहे, याचंच मला इतकं आश्चर्य वाटलं की मी सरळ फळीवरून शोभा काढली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"ही."

आबांनी पातेलीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. "चेष्टा करतोस व्हय रं बापाची? कॉलेजात हेच शिकीवत्यात?" त्यांचा हात वर गेला.

"आबा, नाव वाचा की! नाव घातलंय!"

आबांनी पातेली खिडकीपाशी नेली, लांब धरली, जवळ धरली. "चि... सौ... कां... शोभा." हात खाली आला. आईनं तेवढ्यात पदरानं डोळे पुसले, आणि मला स्पष्ट दिसलं, त्यातलं अर्धं पाणी निराशेचं होतं. कारण तिनं पिशवीतून खण आणि नारळ बाहेर काढला.

"ह्ये कशाला आणलंस?" आबा ओरडले.

"मग? सून निघाली असती, तर मोकळ्या हातानं कशी बघायची?"

पण अक्का ऐकणाऱ्या नव्हत्या. "आणि दुसरी? बूड जाड म्हणत हुता ती? नाव माझंच, आणि रोज बहिणीला सांगतोय, जुनी हाय म्हणून!"

म्हणजे अक्कांचं नाव शकुंतला होतं!

मी दुसरी पातेली पुढं केली. अक्कांनी ती हिसकावली, वाचली आणि मटकन खाली बसल्या.

"आत्याकडून... अगं बाई, ही माझीच की!"

ही पातेली वाटणीच्या वेळी जाऊबाईंनी लांबवली, असा अक्कांचा संशय होता, आणि तेवढ्यावरून दोघी कित्येक वर्षं बोलत नव्हत्या. "मग मोडीत कशी गेली?" आईनं विचारलं. अक्का पातेली पदरानं पुसत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "दिवाळीच्या आधी माळा साफ केला की. पोतं न बघताच दिलं मीच."

आता सगळ्यांचाच राग उतरला. मला वाटलं, सुटलो. सुपीचं कॉलेज वाचलं. आईला मात्र खण-नारळाचं सुचलं. "आणलेला परत कसा न्यायचा? अक्का, तुमचीच वटी भरते. प्रकाश, तांदळाचा डबा कुठाय?"

"आई, तांदूळ नको! गव्हानं भर!"

"गहू हाय तुज्याकडं?"

नव्हता. आईनं शोभा डब्यात खोल बुडवली, भरून काढली आणि अक्कांच्या पसरलेल्या पदरात रिकामी केली. खण, नारळ, तांदूळ. आणि तांदळावरून घरंगळत येऊन नारळाला टेकलेलं एक पांढरंशुभ्र अंडं.

अक्का पदर तसाच धरून खाली बघत होत्या. मी सामान कुठं न्यायचं याचा विचार करत होतो. सुपी म्हशीमागं चाललेली मला डोळ्यांसमोर दिसत होती.

"हे," अक्का सावकाश म्हणाल्या, "तुझं उरलेलं एक व्हय?"

"व्हय, अक्का."

"आणि संपली ती तीन...?"

"हीच. खाल्ली."

"आणि पिशवीत घालून टाकलेलं?"

"टरफलं."

अक्का आधी खोकल्या, असं मला वाटलं. पण ते हसू होतं. कालपासून दाराला कडी लावून बसलेल्या बाईचं! पदर हलू नये म्हणून त्या सगळं अंग आवळून हसत होत्या आणि मला खुणेनं सांगत होत्या, आधी हे उचल. मी उचललं. लुगडं मात्र त्यांनी तडक धुवायला टाकलं, मला गल्लीच्या टोकापर्यंत अंडं सोडून यायला लावलं, आणि पहिली अट पुन्हा एकदा, आबांच्या देखत, माझ्याकडून वदवून घेतली.

आबा निघताना एवढंच म्हणाले, "सुपीला धाडतो म्होरल्या वर्षी."

माझे डोळे भरून आले. "आबा, मी तिचा अभ्यास..."

"अभ्यासाचं ती बघंल. तिला तुज्यावर ध्यान ठेवायला धाडतोय."

तसंच झालं. सुपी आता कॉलेजात आहे, अक्कांच्या माजघरात राहते आणि चपला मोजायचं काम अक्कांनी तिच्याकडं सोपवलंय. शकुंतला परत गेली. (पहिल्याच दिवशी तिच्यातून जाऊबाईंकडं खीर गेली, असं कळलं.) तिच्या जागी आबांनी दोघांपुरतं नवं पातेलं घेऊन दिलं, आणि पुन्हा घोटाळा नको म्हणून त्यावर माझंच नाव घालून आणलं.

त्यामुळं हल्ली संध्याकाळी त्याच खिडकीत सुपी आईला फोनवर मोठ्यानं सांगत असते, "आई, प्रकाश आज परत करपला. सकाळपासून राख लावून घासतीया, पण काय उजळायचं लक्षण न्हाय!"

खाली धुणं आपटायचा आवाज थांबतो. आणि अक्का वरच्या अंगाला ओरडतात, "अगं, त्याचं बूडच पातळ हाय!"