कानात काडी घालणारा उंदीर

मी नागपूर सोडलं ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या, म्हणजे घरादारातली पीडा गावाबाहेर हाकलायच्या दिवशी. विमानाचं तिकीट त्या दिवसाचंच स्वस्त होतं, आणि माझ्यासाठी मुहूर्त तसाही कुणी काढणार नव्हतं. आमच्या गांधीबाग मोहल्ल्यात सकाळपासून बाया घरातला कचरा बाहेर फेकत ओरडत होत्या, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" मी ऑटोत बॅगा कोंबत होते. ओट्यावर उभ्या बाबांनी स्कूटरची चावी कानात घातली, एक डोळा मिटला आणि माझ्याकडे बघून तेच ओरडले. अख्खी गल्ली हसली. काका तर पोट धरून हसला. आई तेवढी हसली नाही.

बाबांचं दुखणं साधं होतं. कापड दुकानदाराची पोरगी चालून आलेलं स्थळ नाकारून इंग्लंडात बाहुल्या हलवायला निघाली होती. "काहून वं, मातीचे जनावरं नाचवून कोणाचं पोट भरलं?" हे ते वर्षभर विचारत होते.

भरलं, बाबा. स्टॉप मोशन म्हणजे बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची. दिवसभर राबावं तेव्हा पडद्यावर दोन-तीन सेकंद सरकतात. आमचा सिनेमा गिरणीत राहणाऱ्या उंदरांच्या कुटुंबाचा, पोट दुखेपर्यंत हसवणारा. खडूस बाप पोरीला हाकलतो आणि शेवटी स्वतःच कंदील घेऊन तिला शोधायला निघतो. तो बाप माझ्या वाट्याला आला. टोचून बोलण्याआधी तो कानात काडी घालतो, एक डोळा मिटतो. दिग्दर्शिकेने विचारलं, हे कुठून आणलंस? मी म्हटलं, घरून.

अशा सिनेमात नीट पाहिलं तर बाहुल्यांच्या लोकरीवर हलवणाऱ्याच्या बोटांच्या खुणा हलताना दिसतात. लोकांना त्याचीच गोडी वाटते. बापाच्या अंगावर सगळी माझीच बोटं आहेत. कंदील खाली ठेवून तो पोरीला "चल घरी" म्हणतो, त्या प्रसंगात माझा अख्खा हिवाळा गेला. तो प्रसंग मी एकाच प्रेक्षकासाठी केला होता.

सिनेमा हिंदीत नागपूरला लागला. आई सगळ्यांना घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी बाबांचा व्हिडिओ कॉल आला, इतक्या वर्षांत पहिला. मी पहिल्याच रिंगला उचलला.

"बाप उंदीर लय भारी हाय वं! हुबेहूब तुया काका! असा बाप देवानं कोणाले देऊ नये." बोलता बोलता चावी कानात गेली, डोळा मिटला. मागे आई तोंडाला पदर लावून हसत होती. या वेळी मात्र हसली.

"आणि शेवट?" मी विचारलं.

"शेवट कुठं पाहिला? मंग पार्किंगमंधी गर्दी होते ना. आधीच निघालो आम्ही."

माझ्यासारख्या निघून आलेल्यांना गावाकडचे विचारतात, घराची आठवण येते का? शूटिंग संपल्यावर स्टुडिओने तो बाप मला देऊन टाकला. स्वयंपाकघराच्या खिडकीत तो माझ्याकडे पाठ करून उभा असतो. माझं घर आता तेवढंच. आत तारेचे सांधे आहेत, बोट लावलं की त्याची मान वळते. मी लावत नाही. एकदा तरी त्याने स्वतःहून वळावं.